मागच्या दारावरचा हात

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते गाडी धुण्याचं. रविवार होता. बोईसरला मासे विकून आम्ही परत आलो होतो, दुपारचे चार वाजले असतील. पालघरजवळच्या माहीमला आमच्या घराच्या मागे विहीर आहे, तिथं मी पांढरी व्हॅन उलटी लावली. वाटणी ठरलेली होती, बाहेरचं माझं आणि आतलं तिचं. तिनं मागचं दार वर उघडलं, पदर खोचला, आत चढली आणि काथ्यानं पत्रा घासायला लागली. मी विहिरीचं पाणी ओढून देत होतो.

त्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला तिचा हात उमटलेला होता. हिरव्या ऑइलपेंटचा, उजवा, पाचही बोटं उघडी. घासत घासत तिथं आली की ती काथ्या बाजूला ठेवायची आणि फडकं घेऊन बोटांच्या कडेकडेनं पुसायची. त्या दिवशी पण तेच चाललं होतं. मी म्हटलं, "घासून टाक तो. दोन महिन्यांनी गाडी परत देयाची हाय."

ती वर न बघता म्हणाली, "देयाच्या दिशी बगू. आज कशाला हात दुखवू?"

मी म्हटलं, तुझे हात दुखतात, जीभ कधी दुखत नाय. ती हसली नाही, मीपण हसलो नाही. आमचं रोजचं बोलणं असंच होतं. राहिलेल्या चार बोंबलांचं तिनं कालवण केलं, आम्ही जेवलो, झोपलो.

सोमवारी उजाडता उजाडता तिला छातीत कळ आली. मी तिला गाडीत डाव्या सीटवर बसवलं, तिच्या नेहमीच्या जागेवर, आणि पालघरच्या रस्त्याला लागलो. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "दार नीट लागलं नाय." मी म्हटलं लागलंय. पालघरला पोचलो तेव्हा ती गेलेली होती. त्यानंतर लोक आले, रडले, दिवस झाले, गेले. त्यातलं मला फार आठवत नाही आणि सांगायचंही नाही. मला सांगायचं आहे ते गाडी परत करण्याबद्दल, कारण त्यात मी जे केलं ते अजून गिळता येत नाही.

ती व्हॅन आमची नव्हती. बोट विकल्यावर आमच्याकडे काही राहिलं नाही. म्हाताऱ्याला गाडीसाठी कर्ज कोण देणार? मुलगा सरावलीला राहतो, तारापूरच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्यानं बोईसरच्या एका ऑफिसातून त्याच्या नावावर तीन वर्षांसाठी गाडी घेऊन दिली. लीज म्हणतात त्याला. महिन्याला भाडं भरायचं, गाडी वापरायची, मुदत संपली की जशी घेतली तशी परत करायची. जशी घेतली तशी. हे तीन शब्द त्या वेळी मी कानाआड टाकले. समुद्रावर आयुष्य गेलं माझं. तिथं कोणतीही वस्तू जशी घेतली तशी परत आलेली मी पाहिली नाही, माणूससुद्धा नाही.

त्या गाडीनं ती एडवण, माहीमचा मासा घेऊन बोईसरला जायची, सरावलीच्या चाळींत दारोदार विकायची. तिथं सगळे बाहेरचे कामगार. कोणीतरी रोज विचारायचा, "मौसी, रोहू नहीं है क्या?" ती म्हणायची, "समुद्रात रोहू नाय बाबा, तो तुज्या गावच्या डबक्यात." त्यांना कळायचं नाही, पण ते हसायचे आणि बांगडे घ्यायचे. मी गाडीत बसून असायचो. विकणं माझ्याकडून कधी झालं नाही. गिऱ्हाइकानं भाव पाडला की मी शिवी देतो.

आता त्या हाताचं सांगतो. आमच्या घरात रीत होती. पावसाळा संपायला आला की बोट नवीन रंगवायची, आणि डब्यात जो शेवटचा रंग उरेल त्यात घरच्या बाईनं उजवा हात बुडवून बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आतल्या बाजूनं लावायचा. बाहेरून नाही, बाहेरचं समुद्र धुऊन नेतो. आधी माझी आई लावायची, मग लग्न झाल्यावर ही. दर वर्षी एकावर एक. तिथं हिरव्या रंगाचा एवढा जाड थर झाला होता की नख लावलं तर रुतायचं. बोट विकली तेव्हा भाव, इंजिन, जाळी, सगळ्यावर मी दोन दिवस घासाघीस केली. नाळेतल्या हातांचं माझ्या लक्षातही आलं नाही. बोट गेल्यावर ती एकदाच म्हणाली, "माजे हात पन इकलेस." पुन्हा कधी बोलली नाही. बाईनं एकदाच बोललेलं फार वेळ टिकतं.

व्हॅन दारात आली त्या दिवशी तिनं ती बोटच धरली. हळदकुंकू वाहिलं, आणि मी थांब म्हणायच्या आत नारळ उचलून गाडीच्या नाकावर हाणला. लाकडाच्या नाळेवर नारळ फुटतो. ह्याचं नाक प्लॅस्टिकचं. नारळ तसाच राहिला आणि बंपरला वीतभर चीर गेली. मुलगा कपाळाला हात लावून उभा. ती म्हणाली, "असली कसली गाडी, नारळ सोसत नाय." आम्ही तिघं हसलो होतो. मग ती आत गेली आणि बोटीच्या रंगाचा जुना डबा घेऊन आली. तळाशी वाळत आलेला हिरवा रंग होता, त्यात रॉकेल ओतून तिनं तो ढवळला. मुलगा म्हणाला, "आये, भाड्याची गाडी हाय." ती म्हणाली, "बसनार तर आमीच ना?" ती बुटकी. दार वर उघडलं की ते ओढून बंद करायला तिला चवड्यांवर उभं राहावं लागायचं. जिथं हात पोचला तिथं तिनं तो दाबून धरला. तीन वर्षं दार बंद करताना ती तिथंच हात लावायची, आपल्याच हातावर हात.

ती गेल्यावर मी ते दार उघडून बसायचो. मला फोटोचं काही कळत नाही, माझा फोन बटणाचा. घरात तिचा एक फोटो आहे, लग्नातला, त्यात ती दुसऱ्याच कोणासारखी दिसते. हात मात्र तिचा होता. करंगळीच्या बाजूला रेघ होती, विळीनं कापलेल्याची. रंगात ती पण उतरली होती.

मुदत संपायला पंधरा दिवस राहिले तेव्हा ऑफिसचा माणूस गाडी बघायला आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, तोंडाला रुमाल. सरावलीला मुलाच्या बिल्डिंगखाली गाडी लावली होती. त्याच्या हातात पिवळा खडू. तो गाडीभोवती फिरत होता आणि जिथं काही दिसेल तिथं गोल काढत होता. बंपरची चीर, एक गोल. डाव्या दारावर तिच्या बांगड्यांचे ओरखडे, तीन गोल. ती काच उघडी ठेवून हात बाहेर सोडून बसायची. डाव्या सीटच्या पुढं माशाची पाटी अडकवून अडकवून प्लॅस्टिकला खड्डा पडला होता, तिथं गोल. सीटचं कव्हर फाटलेलं, गोल. माझ्या बाजूला एक गोल पण नव्हता. सगळे तिच्या बाजूला.

मी म्हटलं, "माज्याकडून काय मोडलं नाय का रे?"

तो म्हणाला, "काका, तुमची साइड क्लीन आहे."

मागचं दार त्यानं उघडलंच नाही. वास येतो म्हणाला. त्या दिवशी कारखान्यांच्या बाजूनं असा गॅस येत होता की जीभ कडू झाली होती, त्याचं त्याला काही नव्हतं. कारखान्याचा वास पगाराचा, माशाचा वास भिकेचा. पण दार उघडलं नाही ते बरंच झालं असं मनात म्हटलं. त्याच्या कागदात हात आला नाही.

मी ठरवलं होतं. व्हॅनचं तसलंच दार भंगारात शोधायचं, गाडीला ते लावून द्यायचं आणि हाताचं दार घरी आणायचं. ऑफिसला दार मिळालं म्हणजे झालं. हे मी कोणाला सांगितलं नाही. मुलालाही नाही. म्हातारा बायकोच्या हाताचा पत्रा घरात ठेवणार, हे तोंडानं कसं सांगायचं? दार हातात आलं की मग बोलू, असं धरून चाललो. तिथंच चुकलो.

बोईसरला कारखान्यांच्या रस्त्यावर एक पेंटर आहे, उत्तरेकडचा, पन्नाशीचा, हातानं चांगला. त्याच्याकडे गाडी घेऊन गेलो. वाटेत मुलाचा फोन आला. बाबा, कागदावर नाव माझं आहे, काही राहता कामा नये, पुढं मला कोण गाडी देणार, असं त्याचं चाललं होतं. तो काही वाईट बोलला नाही. पण आई जाऊन दीड महिना झाला आणि ह्याला ओरखड्यांची पडली, ह्यानं माझं डोकं सणकलं. गाडीतून उतरलो तेव्हा पेंटर त्या पिवळ्या गोलांकडे बघत होता. त्यानं विचारलं, काय काय करायचं. ऑफिसच्या माणसानं दिलेला कागद मी त्याच्या अंगावर टाकला आणि म्हटलं, "सगळं काढ. गाडीत आमचं जे जे हाय ते सगळं काढून टाक. आतून, बाहेरून. काय ठेवू नको."

त्यानं विचारलं, "सब, चाचा?"

मी म्हटलं, "सब. किती वेळा सांगू?"

बायको गेल्याचं त्याला ठाऊक होतं. तिच्याकडून तो बांगडे घ्यायचा. त्यानं कागद घडी करून खिशात घातला.

चार दिवस लागतील म्हणाला. ते चार दिवस मी बोईसरच्या भंगारवाल्यांकडे फिरलो. उन्हात, पायी. एकाकडे पुढचं दार होतं, मागचं नव्हतं. एकाकडे मागचं होतं पण निळं. एक म्हणाला, म्हातारबाबा, गाडी विकायची का, मी चांगला भाव देतो. मी म्हटलं गाडी माझी असती तर तुझ्या दारात आलो असतो का. चौथ्या दिवशी एका कोपऱ्यात अपघातातल्या व्हॅनचं मागचं दार मिळालं, पांढरं, काचेसकट, खालच्या कडेला जरा चेपलेलं. भंगारवाल्यानं विचारलं, कशाला पाहिजे? मी म्हटलं, लावायला. रिक्षात ते आडवं घातलं, मी अंग चोरून एका कोपऱ्यात बसलो, आणि खड्डा आला की काचेला हात धरत होतो. सांगायला लाज नाही, त्या रिक्षात मी दीड महिन्यानंतर पहिल्यांदा जरा खूष होतो. दार घराच्या पडवीत भिंतीला उभं करायचं, वर पोतं घालायचं, इथपर्यंत माझं ठरलं होतं.

पेंटरकडे पोचलो. गाडी उन्हात उभी होती, नवरीसारखी पांढरी. बंपर जोडलेला, दाराचे ओरखडे गेलेले. मी कशाकडे बघितलं नाही. मागं गेलो आणि दार वर उचललं.

आतून पांढरं होतं.

मी बोट लावलं. गुळगुळीत. नख लावलं. काही नाही. मी पेंटरकडे बघितलं, तर तो हात पुसत पुढं आला. त्याचा चेहरा कौतुकाची वाट बघणाऱ्या माणसासारखा होता. म्हणाला, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. असला रंग गाडीला कोण लावतं, तीन वेळा थिनर मारलं, मग पॉलिश पेपरनं अर्धा दिवस घासलं तेव्हा कुठं सुटला.

मी म्हटलं, "कागदावर होता का तो?"

"कागज पे नहीं था। आपने बोला था चाचा, अंदर से भी, कुछ मत रखो। उसका मैंने पैसा नहीं लगाया। मौसी के लिए किया।"

मी त्याला शिव्या दिल्या. आमच्या भाषेतल्या, बोटीवर देतात त्या. तो ऐकत उभा राहिला. त्याला वाटलं काम नीट झालं नाही. तो उन्हाच्या बाजूनं वाकून वाकून दार बघायला लागला, कुठं हिरवं राहिलंय का म्हणून, आणि म्हणाला, दाखवा कुठं राहिलं, आत्ता काढून देतो. खाली एका डब्यात त्यानं वापरलेल्या चिंध्या होत्या. त्या सगळ्या राखाडी झाल्या होत्या. हिरवं काही ओळखू येत नव्हतं.

चूक कोणाची म्हणायची? विहिरीपाशी मीच तिला म्हटलं होतं, घासून टाक. तिनं टाकलं नाही. मग मी दुसऱ्याला सांगितलं, त्यानं टाकलं.

भंगारातलं दार व्हॅनच्या मागं आडवं टाकून घरी आणलं आणि विहिरीपाशी उतरवलं. मुलाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला बोलला असतात तर फोटो तरी काढला असता मी." खरं आहे. त्याला बोललो असतो तर पुष्कळ काही झालं असतं. पण बापलेकांत मधे बोलणारी तीच होती.

दुसऱ्या दिवशी गाडी परत दिली. ऑफिसच्या मागं कुंपणाची जागा आहे, तिथं परत आलेल्या गाड्या रांगेत उभ्या असतात. तोच इस्त्रीवाला माणूस आला. आज रुमाल नव्हता, गाडीला रंगाचा वास येत होता. एकेक गोल त्यानं कागदावर खोडला. मुलगा शेजारी उभा होता, त्याचा जीव भांड्यात पडत होता हे मला दिसत होतं. सगळं ठीक झालं म्हणून तो माणूस वळला, आणि जाता जाता त्यानं मागचं दार उघडलं.

त्यानं आतून हात फिरवला. वाकून कडा बघितल्या. म्हणाला, "काका, हे आतून रिपेंट केलंय. मागून धडक बसली होती का?"

मुलगा म्हणाला, नाही हो. त्यानं ऐकलं नाही. आतून नवीन रंग म्हणजे अपघात लपवलेला असतो, असं त्याचं म्हणणं. बाहेरून कोणीही रंगवतं, आतून विनाकारण कोणी रंगवत नाही. तीन वर्षं त्या दाराला साधा ठोकासुद्धा लागला नव्हता. ती लागूच देत नव्हती. मी म्हटलं, "धडक नाय. तिथं माज्या बायकोचा हात होता."

"म्हणजे?"

"रंगाचा. लावलेला. तुमची गाडी म्हनून काढला."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग मुलाकडे. मुलानं मान खाली घातली. त्या माणसानं कागद गाडीच्या टपावर धरून काहीतरी लिहिलं आणि सहीला माझ्यापुढं केला. मी चौथी शिकलेला. छापलेलं वाचतो, हातानं लिहिलेलं मला लागत नाही. म्हटलं, "काय लिहिलंस ते वाच."

त्यानं वाचलं, "मागील दार, आतील बाजू, डाग काढून रंगकाम."

मी म्हटलं, "डाग लिहू नको."

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं पेन परत उघडलं, आणि विचारलं, "मग काय लिहू काका?"

मी उभा राहिलो. तो थांबला होता, मुलगा थांबला होता, मागं आणखी एक गाडी घेऊन कोणीतरी आला होता. त्यांच्या कागदात बसेल असा शब्द मला सापडला नाही. मी म्हटलं असू दे, आणि सही केली. कागदावर नाव मुलाचं, त्याचीही सही झाली. आता तिथं कुठंतरी फायलीत आहे ते, डाग म्हणून.

मुलगा म्हणाला, आजचा दिवस सरावलीला राहा. मी राहिलो नाही. एसटीनं पालघरला आलो, तिथून माहीमला. बसमध्ये डाव्या बाजूला जागा होती, मी उजवीकडे बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून किनाऱ्यावर गेलो. बोटी लागल्या होत्या. एका जुन्या माणसानं मला बघून न विचारता पाटीभर मांदेली दिली, आणि मी नको म्हणालो नाही. घरी आणली, धुतली, मीठ लावलं. ती मांदेली जाळं अंथरून त्यावर सुकवायची. जाळं कुठं ठेवलंय ते मला सापडलं नाही. मी भंगारातलं दार विहिरीपाशी आडवं केलं, खाली दोन विटा दिल्या, आणि त्याच्यावर मांदेली पसरली. पत्र्यावर मासा सुकवायचा नसतो, पत्रा तापतो आणि कातडी धरतो, हे तिनं मला किती वर्षं सांगितलं. दहा वाजेपर्यंत ऊन चढलं. पहिली मांदेली उचलायला गेलो तर मांस हातात आलं आणि कातडी पत्र्याला राहिली. दुसरीचं तेच झालं, तिसरीचंही. सगळा मासा काढून कावळ्यांपुढं टाकला. मग विहिरीचं पाणी ओढलं, तिचा काथ्या घेतला आणि दार घासायला बसलो.